चार दिवस, आठ पोस्टकार्डं आणि सोलापूरची हवा

पहिला दिवस

सिद्धेश्वर एक्सप्रेस सोलापुरात शिरली तेव्हा अजून नीट उजाडलेलं नव्हतं. जानेवारीचा तिसरा आठवडा, हवेत चांगलाच गारठा. स्टेशनबाहेर रिक्षावाल्यांनी शेकोटी पेटवली होती. पुठ्ठे, सुका पाला, आणि मधूनच कुणीतरी टाकलेली प्लॅस्टिकची पिशवी. तो धूर वर चढतच नव्हता. गुडघ्यापासून डोक्यापर्यंतच्या पट्ट्यात नुसता लोळत होता. थंडीच्या पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि तिच्यावरची हवा उबदार असते. मग उबदार थर झाकणासारखा बसतो आणि खालचा धूर खालीच राहतो. मुंबईत आर्किटेक्चर कॉलेजात मी हीच आकृती फळ्यावर काढते. इथे ती माझ्या नाकातोंडात गेली.

या सत्रात आमच्या वर्गात विषय होता, शहराची हवा स्वच्छ करणाऱ्या वास्तू आणि त्यांच्याभोवतीच्या सार्वजनिक जागा. रॉटरडॅमचा मनोरा, मिलानच्या भिंती, वॉर्साचं मुलांचं खेळघर, सगळं पडद्यावर दाखवून झालं. शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, यातलं तुमच्या सोलापुरात काय बसवाल? आणि कुठे?" मला उत्तर देता आलं नाही. म्हणून चार दिवसांची रजा टाकून मामाकडे आले.

पिशवीत कपड्यांपेक्षा महत्त्वाची होती ती आठ कोरी पोस्टकार्डं, सेलोटेप, सुतळी आणि व्हॅसलिनची डबी. कार्डाच्या एका बाजूला टेप चिकटवायची, तिच्यावर व्हॅसलिनचा पातळ हात फिरवायचा आणि कार्ड टांगून ठेवायचं. हवेतली धूळ त्यावर येऊन बसते. अगदी सूक्ष्म कण यात सापडत नाहीत, त्यांना यंत्र लागतं. पण डोळ्यांना दिसणारी धूळ कुठे किती, एवढं हे आठ आण्यांचं कार्ड चोख सांगतं.

मामा मुरारजी पेठेत राहतो. शहात्तर वर्षांचा. आयुष्यभर मिलमध्ये होता, आणि मिल बंद पडून जमाना झाला तरी सकाळी भोंग्याच्या वेळेलाच उठतो. "ये की गं आत, उंबऱ्यात काय उभी!" म्हणाला आणि मग खोकत बसला. मामीने कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही पुढे ठेवलं. पहिलं कार्ड मी त्यांच्याच अंगणात, तुळशीच्या वर तारेला बांधलं.

दुपारी चार वाजता सिद्धेश्वराच्या देवळात. मोठे दिवस होऊन गेले होते. संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होम मैदानावरचा होम, शोभेचं दारूकाम, सगळं पार पडलं होतं. पण गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, अजून भरात होता. पाळणे, भज्यांच्या कढया, बांगड्यांची दुकानं, खेळण्यांचे ढीग. बाराबंदी घातलेले दोन म्हातारे मैदानाच्या कडेला बसून सात नंदीध्वजांपैकी आपला मान कुठला ते कुणा पाहुण्याला समजावत होते. मी लहानपणी आजोबांच्या खांद्यावर बसून "एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र" ओरडले ते याच मैदानात. आताही अंगावर काटा येतो.

आणि धूळ. उन्हं कलली की मैदानावर तिचा एक तांबूस पडदा उभा राहतो आणि पाळण्यांचे दिवे त्याच्यातून पिवळट दिसायला लागतात. टँकर येऊन पाणी मारून गेला. तासभर बरं वाटलं, मग हजारो पावलांखाली माती सुकली आणि पुन्हा उठली. मामी म्हणते, गड्डा आणि खोकला आमच्याकडे बरोबरच येतात.

मैदानाच्या दोन टोकांना दोन कार्डं बांधली, एक विजेच्या खांबाला, एक खेळणीवाल्याच्या परवानगीने त्याच्या बांबूला. मग तळ्याच्या काठी गेले. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी हजारो लोकांच्या हातांनी हे तळं खोदून घेतलं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. मैदानापासून ते हाकेच्या अंतरावर आहे. पायऱ्यांवर उभी राहिले आणि घशातली खवखव थांबली. तळं हवा गाळत नाही, हे विद्यार्थ्यांना मी नेहमी बजावते. पाण्याच्या पृष्ठभागावरून धूळ उठत नाही, एवढंच. एवढ्या मोठ्या जागेत धूळ निर्माणच होत नाही, हा तळ्याचा सगळ्यात मोठा गुण. त्यात काठाची झाडं आणि ओलावा, म्हणून शेजारून आलेली धूळही थोडी खाली बसते. काठावर एक कार्ड, भुईकोट किल्ल्याच्या बागेत मोठ्या झाडाखाली एक.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ साली सुरू झाला. हवेची ठरलेली मानकं गाठू न शकलेल्या शहरांच्या त्याच्या यादीत सोलापूर आहे. आपल्या देशाच्या मानकानुसार दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांची वार्षिक सरासरी एक घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅमच्या आत हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली हीच मर्यादा १५ वर आणली. दहा मायक्रॉन म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण सातवा हिस्सा. होम मैदानावर डोळ्यांत जाते ती बरीचशी धूळ याहून जाड असते. याहून बारीक असते ती डोळ्यांना कळत नाही आणि थेट छातीत जाते.

दुसरा दिवस

सकाळी मामाला म्हटलं, चल, मिलच्या बाजूला फिरून येऊ. काठी घेऊन तो लगेच तयार.

सोलापूर हे चिमण्यांचं गाव होतं. १८७७ साली सुरू झालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजे आपली जुनी मिल, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू, जाम मिल. चिमणीतून धूर निघतोय म्हणजे गावात चूल पेटलीय, हा सरळ हिशेब. आता धुराची चिमणी कुणाला नको. १५ जून २०२३ ला होटगी रोड विमानतळाच्या हवाई मार्गात येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, ते दृश्य बघायला लोक गच्च्यांवर जमले होते. मामा गेला नाही. "पडताना काय बघायचं?" एवढंच म्हणाला.

भिंतीच्या पलीकडे एका जुन्या शेडचं करवतीच्या दातांसारखं छप्पर अजून दिसतं. मी मामाला उत्तरेच्या उजेडाचं छप्पर समजावून सांगायला लागले, तर तो म्हणाला, "उजेडाचं सोड. हवेचं तुला माहीत आहे का?" आणि रस्त्याच्या कडेला कट्ट्यावर बसून त्याने मला जे सांगितलं, ते माझ्या वीस वर्षांच्या शिकवण्यात आलेलं नव्हतं.

मामा रिंग खात्यात, म्हणजे सूत कातायच्या विभागात होता. सूत कातताना हवा कोरडी असली की धागा ताठ होतो, तुटतो, त्यातून वीज खेळते, तुसं उडतात. म्हणून मिलमध्ये हवा तयार करायचं वेगळं खातंच असायचं, ह्युमिडिफिकेशन प्लांट. मामा त्याला पाण्याची खोली म्हणतो. भला मोठा पंखा बाहेरची हवा ओढायचा. ती एका खोलीतून जायची, आणि त्या खोलीत शेकडो बारीक तोट्यांतून पाण्याचे फवारे सुरू असायचे. हवा फवाऱ्यातून गेली की गार व्हायची, ओली व्हायची आणि तिच्यातली धूळ पाण्याबरोबर खालच्या टाकीत पडायची. मग नागमोडी पत्र्यांच्या जाळीत पाण्याचे थेंब अडायचे आणि धुतलेली हवा छताजवळच्या मोठ्या नळांतून खात्यात उतरायची.

"आणि खालून?" मी विचारलं.

"खाली जाळ्या. मशिनच्या खाली जमिनीत चर, त्याच्यावर लोखंडी जाळी. वरून हवा यायची, खालून ओढली जायची. उडालेली तुसं त्या जाळीतून खाली. रोज चर झाडायला माणूस उतरायचा. बाहेर आला की डोक्यापासून पायापर्यंत पांढरा."

मी विचारलं, म्हणजे तुमच्या खात्यातली हवा बाहेरच्या हवेपेक्षा स्वच्छ होती? तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "सुताला पाहिजे तेवढी होती. खिडकी उघडायला बंदी. रिंग खात्यात बरं होतं म्हणायचं. ब्लो रूम आणि कार्डिंगला, कापूस मोकळा करायच्या-पिंजायच्या खात्यांत, जे होते ना, ते सुट्टीवरून आले की पहिल्या दिवशी छाती भरून यायची त्यांची."

कापसाच्या धुळीने होणाऱ्या या दम्यासारख्या आजाराचं नाव बिसिनोसिस. आठवड्याच्या सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, ही त्याची जुनी ओळख. हवा धुणारी एवढी मोठी वास्तू या गावात शंभर पावलांवर उभी होती, आणि ती सुतासाठी होती. माणसाच्या छातीला त्यातून जे मिळालं ते उरलंसुरलं. कट्ट्यावर बसल्या बसल्या मला एकदम भडभडून आलं. मामाने काठी आपटली आणि म्हणाला, चहा घेऊ चल.

संध्याकाळी मी वहीत मनोऱ्यांचे आकडे मांडले, कारण त्या मुलीला उत्तर द्यायचं आहे.

डच कलाकार दान रोझगार्द यांचा सात मीटरचा मनोरा २०१५ साली रॉटरडॅममध्ये उभा राहिला. तो कणांना विद्युतभार देऊन पकडतो आणि तासाला ३० हजार घनमीटर हवा स्वच्छ करतो, असं त्याचे कर्ते सांगतात. चीनमध्ये शीआनला साधारण साठ मीटर उंचीची चिमणीच आहे. तिच्या पायथ्याशी काचेचं छप्पर. उन्हाने तापलेली हवा चिमणीत चढते आणि वाटेतल्या गाळण्यांतून पार होते. दिल्लीत कॅनॉट प्लेसचा चोवीस मीटरचा मनोरा ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झाला. चाळीस पंखे, सेकंदाला १ हजार घनमीटर हवा.

आता हिशेब. एक चौरस किलोमीटर जागा आणि तिच्यावरची फक्त शंभर मीटर उंचीची हवा घेतली, तर ती होते दहा कोटी घनमीटर. दिल्लीचा मनोरा ती एकदा गाळायला १ लाख सेकंद घेईल, म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस तास. रॉटरडॅमच्या मनोऱ्याला साधारण एकशे एकोणचाळीस दिवस लागतील. आणि अगदी मंद वारा, सेकंदाला दोन मीटरचा, तेवढी हवा आठ-नऊ मिनिटांत बदलून टाकतो. गाळलेली हवा निघून जाते, शेजारची मळकी हवा येऊन बसते. उघड्यावर मनोरा उभारणं म्हणजे वाहत्या ओढ्याला गाळणी लावणं. याच खर्चात किती रस्त्यांच्या कडा फरसबंद होतील, किती मैदानांवर गवत टिकेल, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

मामाने वही वाचली. तो म्हणाला, "वर कशाला पकडता? तुसं मशिनखाली पकडायची असतात."

त्या दिवशी दुपारी इंद्रभुवनाच्या समोरही थोडा वेळ थांबले होते. महापालिकेची ही देखणी इमारत. अप्पासाहेब वारद यांनी हौसेने बांधलेली. तिच्यावरची नक्षी बघताना मेक्सिको सिटीच्या एका रुग्णालयाची दर्शनी भिंत आठवली. २०१३ साली तिच्यावर अडीच हजार चौरस मीटरची मधाच्या पोळ्यासारखी जाळी बसवली. जाळीवर टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप आहे. ऊन पडलं की तो गाड्यांच्या धुरातल्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांचं रूपांतर निरुपद्रवी क्षारांत करतो. मिलानच्या २०१५ च्या प्रदर्शनातला इटलीचा मंडपही अशाच सिमेंटचा होता, नऊ हजार चौरस मीटर. सोलापुरात ऊन मुबलक आहे. पण तो लेप वायूंवर काम करतो, मातीच्या कणांवर करत नाही, आणि इंद्रभुवनाच्या प्रत्येक कंगोऱ्यात जी धूळ साठलेली दिसते ती पाहता लेपावर ऊनच पोचणार नाही. इथे आधी मातीचं बघायला हवं.

तिसरा दिवस

पूर्व भागाचा दिवस. अशोक चौकाजवळ एका गॅरेजच्या पत्र्याला सहावं कार्ड लावलं आणि तिथून आत वळले. गल्लीत शिरलं की आधी आवाज येतो. खटक-खटक-खटक, एका घरातून दुसऱ्या घरात, भिंतीही थरथरतात. पाटी तेलुगूत, मराठीत, कुठे कन्नडमध्ये. सोलापुरी चादर आणि टॉवेल इथे विणले जातात, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे.

मामाच्या ओळखीच्या एका कारखान्यात आठ माग होते, टॉवेलचे. मालक स्वतःही मागावर उभे असतात. उजेडाच्या तिरिपेत तुसं तरंगताना दिसत होती. मागाच्या लाकडावर, वायरींवर, गणपतीच्या तसबिरीवर, कामगाराच्या भुवयांवर मऊ पांढरी लव जमलेली. मी बोटाने भिंतीवरून रेघ ओढली तर बोटाभोवती लोकरीची अंगठी झाल्यासारखी तुसं गुंडाळून आली. छताला पंखा होता, बंद. "लावला तर सूत हलतंय," कामगार म्हणाला. खिडकीही लोटलेली. मिलमध्ये निदान खाली जाळ्या होत्या. मिल फुटून घराघरांत माग आले तेव्हा पाण्याची खोली आणि जमिनीतले चर मागेच राहिले. सातवं कार्ड इथे.

तिथून चार गल्ल्या पुढे अक्कांचं घर. त्या मामीच्या जुन्या मैत्रीण, मराठी झकास बोलतात, मध्येच घरातल्यांशी तेलुगूत. गेली पस्तीस वर्षं विड्या वळतात. दहा बाय बाराची खोली, तिच्यातच स्वयंपाक, तिच्यातच नातवाचा पाळणा. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात तेंदूची पानं. पत्र्याचा साचा पानावर ठेवायचा, कात्रीने चौकोन कापायचा, चिमूटभर तंबाखू पसरायची, दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी गुंडाळायची, तोंड मुडपायचं, दोऱ्याचे वेढे. मी मोजलं, बारा सेकंदांत एक. बोलताना नजर माझ्याकडे, हात आपले आपले चालू. सुपातून तंबाखूची पिवळी भुकटी उडते ती नाकाच्या बरोबर खाली. मला दहा मिनिटांत शिंका सुरू झाल्या. पाळण्यातलं बाळही शिंकलं.

"बाहेर बसायला जागा पाहिजे बघा," अक्का म्हणाल्या. "आम्ही दहा-बारा जणी. घरात बसलं की लेकरांच्या नाकात जातंय. दारात बसलं की गाड्यांची धूळ पानावर बसते, मग विडी परत येते."

गल्लीच्या तोंडाशी एक मोकळी जागा आहे, एका बाजूला लिंबाचं झाड, बाकी डेब्रिजचा ढीग. मुलं त्या ढिगावरच खेळत होती. मला वॉर्साचं खेळघर आठवलं. २०२१ साली तिथल्या कोपर्निकस विज्ञान केंद्रापाशी इकोलॉजिकस्टुडिओ या लंडनच्या मंडळींनी मुलांना खेळायला एक हलका मंडप उभारला. मंडपाच्या कडेने ५२ काचेच्या नळकांड्यांत हिरवं शेवाळ, नळकांड्यांतून हवेचे बुडबुडे चढतात आणि शेवाळाच्या पाण्यात काही कण आणि वायू अडकतात. मुलं मधे उड्या मारतात आणि त्यांच्या पायांनीही हवा खेळती राहते. वर्गात हे दाखवल्यावर सगळे हरखले होते. पूर्व भागात तेवढं पाणी, काच आणि रोजची निगा कोण सांभाळणार, हा प्रश्न आहे. पण त्या मंडपातली एक गोष्ट मला पक्की पटते. तो सगळ्या शहराची हवा बदलायला जात नाही. मुलं जिथे धापा टाकतात, तेवढ्याच जागेकडे तो लक्ष देतो.

कुंभारीला विडी कामगारांची मोठी वसाहत आहे, गोदूताई परुळेकरांच्या नावाची, दहा हजार घरांची. तिच्यापुढे रे नगर. १९ जानेवारी २०२४ ला तिथली पंधरा हजार घरं लोकांच्या ताब्यात गेली. हक्काचं पक्कं घर ही फार मोठी कमाई आहे, आणि ती लढून मिळवलेली आहे. तरी काम घरातच चालतं तिथे घराचा नकाशा काढतानाच कामाची जागा काढायला हवी, सामाईक, सावलीची, हवेचा विचार केलेली. हे मला विद्यार्थ्यांना घसा फोडून सांगायचं आहे.

आठवं कार्ड अक्कांच्या ओट्यावर. रात्री उशिरापर्यंत मी कट्ट्याचं चित्र काढत बसले. लिंबाखाली गोल ओटा, बारा जणींची बैठक, तिन्ही बाजू उघड्या, वर उंच पत्रा, म्हणजे वारा आरपार जाईल.

चौथा दिवस

सकाळी कंबर तलावाला धावती भेट. कमळं, पाणकोंबड्या, फिरायला आलेली माणसं. इथली हवा चांगली आहे आणि ती तशी ठेवायला फारसं काही करावं लागत नाही, बांधकामाचा राडारोडा काठाला टाकू दिला नाही तरी पुरे.

मग कार्डं गोळा केली. मैदानावरच्या दोनपैकी खांबावरचं कुणीतरी काढून नेलं होतं. उरलेली सात मामीच्या पाटावर ओळीने मांडली. तळ्याकाठचं आणि किल्ल्यातल्या झाडाखालचं जवळजवळ सारखं, फिकट, मधूनमधून ठिपके. मामाच्या अंगणातलं त्याहून थोडं मळकं. अशोक चौकाजवळचं काळपट तपकिरी, तेलकट, टायरचा वास येणारं. मैदानावरचं तांबूस, बोट फिरवलं तर खरखरीत. आणि सगळ्यात भरलेली दोन कोणती? मागाच्या खोलीतलं तर कार्डच दिसेना, पांढऱ्या लवेची गादी झाली होती. अक्कांच्या ओट्यावरचं पिवळसर, त्याला तंबाखूचा वास. मागाजवळचं कार्ड तर चोवीस तासही टांगलेलं नव्हतं.

मामा दोन्ही कार्डं हातात घेऊन बराच वेळ बसला.

दुपारी आम्ही दोघं रिक्षाने अक्कांकडे गेलो. मी चित्र उलगडलं. शेजारच्या बायकाही जमल्या. अक्कांनी चष्मा लावून नीट पाहिलं. "झाड ठेवलंय ते छान. ओटा पण छान." मग थांबल्या. "पण इथं बसून विड्या होणार नाहीत ओ. वारा आला की तंबाखू उडते. पान सुकतंय, सुकलं की फाटतंय. घरात आम्ही पंखा का लावत नाही मग?"

तीन बाजू उघड्या ठेवल्याचा मला केवढा अभिमान होता! मागावरचा कामगार काल हेच म्हणाला होता, सूत हलतंय. मामाच्या मिलच्या खिडक्याही याचसाठी बंद. हाताला स्थिर हवा लागते आणि छातीला वाहती हवा लागते. मी दोन दिवस हे दोन्ही ऐकत होते आणि चित्र काढताना फक्त छातीचा विचार केला.

मामाने माझ्या हातातली पेन्सिल घेतली. बारा जणींच्या मांड्यांसमोर, सूप टेकतं तिथे, त्याने ओट्यात एक गोल चर काढला आणि त्यावर आडव्या रेघा मारल्या. "ही जाळी. हवा खालून ओढायची, हळू. पान हलणार नाही, भुकटी तेवढी खाली जाईल."

"ओढणार कोण?" एकीने विचारलं.

मी शीआनच्या चिमणीचं सांगितलं. चराला जोडून एका कडेला काळ्या पत्र्याची उंच चिमणी उभी केली तर उन्हाने तिच्यातली हवा तापेल, वर चढेल आणि चरातली हवा ओढून घेईल. सोलापूरच्या उन्हाला हे जड नाही. पण ही ओढ नाजूक असते, मधे दाट गाळणी बसवली तर ती मरते. म्हणून चराच्या तोंडाशी विरळ कापड, रोज धुता येईल असं, आणि ढगाळ दिवसासाठी चिमणीत एक छोटा पंखा. चिमणीचं तोंड घरांच्या छपरांहून वर हवं.

"टर्किश टॉवेलचं फडकं लावा," अक्का म्हणाल्या, "लव असतीय त्याला, भुकटी धरून ठेवेल. कारखान्यात रिजेक्टचा माल पडूनच असतोय."

मी वहीत ते लिहून घेतलं. रस्त्याच्या बाजूला भिंत हवी, कमरेएवढी नको, डोक्याएवढी, म्हणजे गाड्यांची धूळ पानावर येणार नाही, हे शेजारच्या वहिनींनी सांगितलं. पानाचं ओलं फडकं ठेवायला सावलीतला कोनाडा. पाळणा बांधायला कडी, पण जाळीपासून लांब, भिंतीच्या बाजूला. माझा गोल ओटा आता घोड्याच्या नालासारखा झाला होता.

गाडीला वेळ होता. मामा अजून पेन्सिल सोडायला तयार नव्हता. चराच्या टोकाला त्याने एक लहान चौकोन काढला आणि माझ्याकडे बघितलं.

"हे काय?" मी विचारलं.

"माणूस उतरायची जागा. चर झाडायला लागतो. आणि रुंद कर जरा, आमच्या मिलमध्ये फार अरुंद होती."